दोघांना एकत्र मोजा

पेढ्याचा आकडा आठ पूर्णांक एक आला, तेव्हा अंबादास कडू स्वयंपाकघरात त्याच्याचसाठी पेज कालवत होते. वाळल्या गवताचं पीठ, चिमूटभर आवळ्याची पूड आणि कोमट पाणी. पेढ्याचे दात वाकडे झाल्यामुळे त्याला चावता येत नव्हतं. दिवसातून सहा वेळा ही पेज सिरिंजने त्याच्या गालात सोडावी लागे.

"मामा," बाहेरच्या खोलीतून डॉक्टर संघमित्रा वानखडेंनी हाक मारली, "जरा येता का?"

नागपूरच्या औषध-चाचणी प्रयोगशाळेत अंबादासांनी एकतीस वर्षं प्राणिगृह सांभाळलं होतं. तिथं सगळे त्यांना मामाच म्हणत. संघमित्रा तिथं संशोधक विद्यार्थिनी म्हणून आली, तेव्हा गिनी पिगला एक हात छातीखाली आणि एक हात मागच्या पायांखाली देऊन उचलायचं, हे तिला मामांनीच शिकवलं होतं. आता ती जिल्ह्याची प्राणिकल्याण अधिकारी होती आणि सरकारी गाडीतून चिखलदऱ्यापर्यंत चढून आली होती.

टेबलावर पोळपाटाएवढी एक काळी पाटी होती. तिच्यावर पेढा, एक तपकिरी गिनी पिग, अंग चोरून बसला होता.

"तीन जण सातच्या वर आहेत," संघमित्रा म्हणाली. "पेढा, जिलेबी आणि सई. बाकीचे सोळा ठीक."

अंबादासांनी पेढ्याला उचलून छातीशी धरलं. "उद्या परत बघा."

"उद्या आणि परवाही बघणार आहे. नियमच तसा आहे. पण मामा, तिन्ही दिवस सातच्या वर राहिले, तर मला त्यांना झोपवावं लागेल."

त्यांनी मान हलवली. नियम त्यांना माहीत होता, आणि तो वाईट आहे असं त्यांना वाटतही नव्हतं.

त्या काळ्या पाटीला वेदनापट म्हणत. गिनी पिगसारखा प्राणी दुखणं दाखवत नाही. दुखावलेला प्राणी शिकाऱ्याच्या नजरेत आधी भरतो, म्हणून दुखणं लपवणारेच हजारो पिढ्या तगले. पाय मोडलेला गिनी पिगसुद्धा माणूस जवळ आला की नीट बसतो, खाल्ल्याचं सोंग करतो. वेदनापटाला हे सोंग कळायचं. पाटीतून अगदी क्षीण रेडिओलहरी निघत आणि प्राण्याच्या अंगावर आपटून परत येत. परतलेल्या लहरींमधल्या सूक्ष्म फरकांवरून श्वास, हृदयाचे ठोके, जबड्याची थरथर असं सगळं मोजता येई. माणसाला ऐकू न येणारे बारीक आवाज टिपायला त्यात मायक्रोफोनही होता. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर, भूल असताना आणि उतरल्यावर, अशा लाखभर प्राण्यांच्या नोंदींवरून यंत्राला दुखणं ओळखायला शिकवलं होतं. शेवटी ते एक आकडा देई, शून्य ते दहा.

या आकड्याने पुष्कळ भलं केलं होतं. वर्षानुवर्षं मुकाट लंगडणाऱ्या बैलांवर उपचार झाले, गोठ्यांतल्या म्हशींच्या सडांच्या जखमा वेळेत सापडल्या. मग सरकारने करुणा नियम आणला. आश्रयगृहातल्या कुठल्याही प्राण्याची वेदना उपचार करूनही सलग तीन दिवस सातच्या वर राहिली, तर त्याला शांतपणे मरण द्यायचं.

अंबादासांच्या आश्रयगृहातले प्राणी निरोगी नव्हतेच. माणसाच्या पेशींपासून बनवलेल्या काचेच्या चिपांवर औषधं तपासता येऊ लागली, तेव्हा नागपूरचं प्राणिगृह बंद झालं. चांगले प्राणी लोकांनी घरी नेले. राहिले ते कुणालाच नको असलेले. निवृत्त अंबादास त्यांना घेऊन चिखलदऱ्याला आले, कारण तापमान अठ्ठावीसच्या वर गेलं की गिनी पिग तडफडतो आणि नागपूरच्या उन्हाळ्यात वातानुकूलन यंत्र बंद पडलं तर एका दुपारीत सगळे गेले असते. इथं त्यांच्या बायकोचं, रत्नमालाबाईंचं माहेर होतं. भावाच्या कॉफीच्या मळ्याला लागून दोन खोल्या रिकाम्या होत्या. आवळे तर रानातूनच मिळत. आपल्यासारखंच गिनी पिगच्या शरीरालाही क जीवनसत्त्व तयार करता येत नाही, ते खाण्यातूनच द्यावं लागतं, त्यामुळे आवळ्याची मोठीच सोय झाली.

प्रयोगशाळेत प्राण्यांना नंबर होते. नावं रत्नमालाबाईंनी दिली. कानाच्या आजाराने मान वाकडी होऊन गोल गोल फिरणारी ती जिलेबी. मागचे दोन्ही पाय गेल्यामुळे दोन चाकांच्या गाड्यावर पळणारं, काळं-जांभळं ते वांगं. आणि सई ही पांढरी शुभ्र, जन्मापासून आंधळी आणि बहिरी. दुकानदार सुंदर रंगासाठी विशिष्ट ठिपक्यांचे नर-मादी जुळवतात, त्यातून असं एखादं पांढरं पिल्लू निपजतं. सईला कुणीतरी खोक्यात घालून दाराशी ठेवून गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघमित्रा विश्रामगृहातून परत आली. नियमानुसार खोलीत शांतता हवी आणि प्राणी एकटा हवा. तिने सईला पाटीवर ठेवलं. सई थरथरू लागली. मिशा पुढे काढून ती चहूबाजूंनी चाचपडत होती.

रत्नमालाबाई दारातून बघत होत्या. "काय करून रायली ते? कोनाले शोधते?"

"जिलेबीला," अंबादास हळूच म्हणाले. "दोघी चिकटून झोपतात ना."

"मंग तिले एकटीले काऊन बसवता तुमी? मले जर कोनी डोये बांधून अनोळखी घरात ठेवलं, त माह्याबी आकडा दहा येईन."

"रत्ना, मशीन खोटं नाही बोलत."

"मी कुठं म्हटलं खोटं बोलते? भेव बी त खरंच असते ना!"

सात पूर्णांक सहा. जिलेबी सात पूर्णांक नऊ. पेढा आठ पूर्णांक दोन.

संघमित्राने आकडे नोंदवले, उद्या सकाळी येते म्हणाली आणि निघून गेली. अंबादासांनी सईला परत कप्प्यात ठेवलं. जिलेबी आपल्या नेहमीच्या वेटोळ्याने फिरत फिरत तिच्यापाशी पोचली आणि तिच्या कुशीला टेकून उभी राहिली. सईची थरथर थांबली. एकदम थांबली. अंबादास तिथंच खाली बसले. अठरा वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्ट त्यांना आठवली, आणि ती आता सांगावीच लागणार हेही कळलं.

जेवण न करताच ते चालत विश्रामगृहावर गेले. संघमित्रा व्हरांड्यात चहा घेत होती. त्यांना पाहून ती उठली, खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत.

"मॅडम, तुमचा तो बेल्टचा प्रयोग आठवतो?"

"मॅडम काय मामा! आठवतो की. त्याच्यावरच तर डॉक्टरेट मिळाली."

प्रयोग साधा होता. तीस गिनी पिग अनोळखी पिंजऱ्यात एकेकटे ठेवायचे. पोटाला बांधलेल्या पट्ट्यावर रात्रभर हृदयाचे ठोके नोंदले जायचे. भीतीने ठोके वाढतात आणि तास न् तास उतरत नाहीत, हे तिने सिद्ध केलं होतं.

"तीसपैकी सहांचे ठोके वाढलेच नव्हते," अंबादास म्हणाले. "तुम्ही म्हणालात, पट्टे बिघडलेत. मग ते सहा जण हिशेबातून काढले."

"हो. पट्टे जुनेच होते."

"पट्टे चांगले होते." अंबादासांचा आवाज स्थिर होता. "संध्याकाळी तुम्ही गेलात की मी त्यांना जोडीदाराजवळ ठेवायचो. सकाळी तुम्ही यायच्या आत परत वेगळं करायचो. फार ओरडायचे हो ते. सगळ्यांना एकत्र ठेवलं असतं तर तुम्हाला कळलं असतं, म्हणून फक्त तीन जोड्या."

संघमित्राने कप खाली ठेवला. "कुठल्या जोड्या?"

"अकरा-बारा. सतरा-अठरा. तेवीस-चोवीस."

ते सहा नंबर तिला तोंडपाठ होते.

"मामा, माझी तीन वर्षं गेली त्या प्रयोगात! अठरा वर्षं तुम्ही हे सांगितलं नाहीत?"

"आधी नोकरीची भीती होती. नंतर तुम्ही डॉक्टर झालात, सगळं छान चाललं होतं, मग सांगून काय उपयोग असं वाटलं. चूक माझी आहे. माझ्या नावाने लिहून द्या, मी सही करतो."

"तुमच्या सहीने काय होणार?" ती ताडकन उठली. "पट्टे तपासायला पाठवायचे होते. मी नाही पाठवले. सहा जणांनी माझं उत्तर बिघडवलं, म्हणून मी सहा जण काढून टाकले. आणि तुम्हाला माहीत नाही, वेदनापटाचा नियम लिहिणाऱ्या समितीत मी होते. प्राणी एकटा असतानाच मोजायचा, हे माझ्या त्या प्रबंधाच्या आधारावर ठरलं. एकट्याचे ठोके चढले तरी एका पातळीवर स्थिर राहतात, तुलना सोपी जाते, असं मीच समितीला पटवलं."

तिचा आवाज चढला होता. विश्रामगृहाचा खानसामा दारातून डोकावून परत आत गेला. अंबादास तसेच उभे होते.

"आजचं सांगतो," ते म्हणाले. "सईला जिलेबीजवळ ठेवलं आणि तिची थरथर थांबली. मी त्यांना सोडा म्हणायला आलो नाही. दोघींना एकत्र मोजा, एवढंच म्हणायला आलो. तरी आकडा सातच्या वर आला तर मी स्वतः त्यांना धरतो, तुम्ही इंजेक्शन द्या."

संघमित्राने दोन्ही हातांनी चेहरा पुसला. मग ती कामाचं बोलू लागली. सुरुवातीच्या वेदनापटाला दोन हृदयांचे ठोके वेगळे करता येत नसत, म्हणूनही एकट्याचा नियम होता. आताच्या पाटीत चार अँटेना होत्या आणि त्यांच्या आधारे शेजारी-शेजारी बसलेले दोन प्राणी वेगवेगळे वाचता येत. ती सोय कारखान्यातल्या चाचण्यांसाठी होती. प्रत्यक्ष तपासणीत ती कुणी वापरत नसे.

"उद्या सकाळी लवकर या पेशंट घेऊन," ती म्हणाली आणि तिलाच हसू आलं. "म्हणजे, मीच येते."

तिसऱ्या दिवशी आठ वाजता ती आली. तिने पद्धतशीर सुरुवात केली. जिलेबीला आधी एकटीला मोजलं, सात पूर्णांक आठ. मग तिच्याशेजारी गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवली, कारण नुसत्या उबेने फरक पडतो का हे बघायला हवं होतं. सात पूर्णांक सात. मग दुसऱ्या कप्प्यातली एक अनोळखी मादी शेजारी ठेवली. सात पूर्णांक पाच. मग अंबादासांनी सईला आणलं.

सई सरकत सरकत जिलेबीला जाऊन भिडली. जिलेबीने वाकड्या मानेने तिचा कान हुंगला. दोघी एकमेकींत नाक खुपसून बसल्या.

पडद्यावरचा आकडा उतरू लागला. सहा. पाच. चार पूर्णांक दोनवर जिलेबीचा आकडा थांबला. सईचा तीन पूर्णांक एक.

रत्नमालाबाईंनी तोंडाला पदर लावला. संघमित्राने दोघींना वेगळं केलं, दहा मिनिटं थांबली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं. आकडे पुन्हा तसेच आले.

"दुखणं भीतीने वाढतं," ती म्हणाली. बोलता बोलता तिचे डोळे पडद्यावरच होते. "मेंदूत भीतीचा आणि वेदनेचा रस्ता एकाच चौकातून जातो. सोबत मिळाली की भीतीचा भाग शांत होतो आणि उरतं ते खरं, शरीराचं दुखणं. आम्ही इतके दिवस दुखणं आणि एकटेपणा मिळून मोजत होतो." थोडं थांबून ती म्हणाली, "किती जणांना झोपवलं असेल मी!"

रत्नमालाबाईंनी दोघींना उचलून परत कप्प्यात ठेवलं.

"आता पेढा," अंबादास म्हणाले. त्यांच्या आवाजात विश्वास होता. पेढ्याचा जोडीदार वांगं. चार वर्षं दोघं एका कप्प्यात राहत होते. अंबादासांनी वांग्याचा गाडा सोडला आणि त्याला पेढ्याशेजारी पाटीवर ठेवलं. वांग्याने लगेच घशातल्या घशात गुर्र केलं आणि पेढ्याच्या डोळ्याजवळ चाटलं.

आठ पूर्णांक दोन. आठ. सात पूर्णांक नऊ.

अंबादास वाट बघत राहिले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. सात पूर्णांक नऊ.

"पाटी गरम झाली असेल," ते म्हणाले.

संघमित्राने पाटी बंद करून गार होऊ दिली. पुन्हा मोजलं. आठ.

"तो माणसाळलेला आहे जास्त. रत्ना, तू मांडीवर घे."

रत्नमालाबाईंनी पेढ्याला मांडीवर घेऊन पाटी शेजारी ठेवली. पेढ्याने त्यांच्या अंगठ्यावर हनुवटी टेकवली. सात पूर्णांक आठ.

"औषधाचा डोस वाढवून बघू."

"मामा," संघमित्रा हळू आवाजात म्हणाली, "वजन किती आहे त्याचं?"

"खातो तो. सकाळी दोन सिरिंज खाल्ल्या."

"वजन, मामा."

"सहाशे दहा."

"दिवाळीत?"

"नऊशे चाळीस."

गिनी पिगचे दात जन्मभर वाढत राहतात. पेढ्याच्या खालच्या दाढा आत वळून जिभेवर कमानीसारख्या जुळत. अंबादास दर तीन आठवड्यांनी त्या कानशीने घासून देत. पण वरच्या दाढांच्या मुळाशी पू झाला होता आणि तो डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढला होता. दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, दोनदा तो परत भरला होता. हे सगळं अंबादासांनी स्वतःच्या हाताने वहीत लिहिलेलं होतं. फक्त आठवड्याचं वजन लिहिताना मागचं पान उलटून बघणं त्यांनी जानेवारीपासून बंद केलं होतं.

रत्नमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमीच म्हनले व्हते ना, एकत्र मोजा म्हून. मोजलं. आता त्याले कायले तंगवून ठेवता? तो आपल्यासाठी खाऊन रायला, अहो. तुमी सिरिंज धरता म्हून तोंड उघडते तो."

अंबादास उठून बाहेर गेले. कॉफीच्या झाडांमध्ये थोडा वेळ उभे राहिले. संघमित्रा इंजेक्शन भरायला लागली नाही, ती नुसती बसून राहिली. पाऊण तासाने ते परत आले ते हातपाय धुऊन, शर्ट बदलून.

"वांग्याला जवळच राहू द्या," ते म्हणाले. "मी धरतो."

एक हात छातीखाली, एक हात मागच्या पायांखाली. त्यांनी पेढ्याला मांडीवर घेतलं. वांगं त्याच्या कुशीला होतं. आधी झोपेचं इंजेक्शन, मग दुसरं. शेजारची पाटी चालूच होती, ती बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आकडा आठवरून पाच झाला, मग दोन, मग शून्य, आणि थोड्या वेळाने पडद्यावर नुसती रेघ उरली. शून्य आणि रेघ यांच्यामध्ये पुरी दोन मिनिटं गेली. ती दोन मिनिटं पेढ्याला काहीही दुखत नव्हतं आणि तो जिवंत होता. अंबादासांनी ती घड्याळात पाहिली.

वांग्याला त्यांनी लगेच उचललं नाही. त्याने पेढ्याला हुंगलं, ढकललं, पुन्हा हुंगलं. मग स्वतःहून वळून बसला. तेव्हा त्यांनी पेढ्याला फडक्यात गुंडाळलं आणि आवळ्याच्या झाडाखाली पुरलं. खड्डा रत्नमालाबाईंनी खणला.

संघमित्राने अहवाल लिहिला, त्यात पहिलंच पान तिच्या प्रबंधाबद्दल होतं. सहा नोंदी का काढल्या, त्या कशा खऱ्या होत्या आणि ती चूक पुढे नियमात कशी शिरली, हे तिने आडपडदा न ठेवता मांडलं. मामांचं नाव तिने गाळलं होतं. अंबादासांनी फोन करून ते घालायला लावलं. समितीतल्या दोघांनी तिचा राजीनामा मागितला. तिने उत्तरादाखल चाळीस आश्रयगृहांतल्या सहाशे प्राण्यांची जोडीने केलेली मोजणी पाठवली. करुणा नियमाखाली ज्यांचा निकाल लागणार होता, त्यांतले दोन तृतीयांश सातच्या खाली आले होते. उरलेल्या एक तृतीयांशांबद्दल आता कुणालाच शंका उरली नव्हती, आणि त्यांनाही एकट्याने जावं लागत नव्हतं. वर्षाच्या आत नियम बदलला. अमरावतीच्या एका रुग्णालयात, बोलू न शकणाऱ्या रुग्णांच्या खाटेखाली हाच पट बसवलेला असे. तिथल्या डॉक्टरांनी तो अहवाल वाचला आणि अतिदक्षता विभागातलं भेटीच्या वेळांचं बंधन काढूनच टाकलं. नातेवाइकांसाठी खाटेशेजारी खुर्ची आली.

पेढा गेल्यावर वांग्याचा आकडा अडीचवरून सहावर गेला. तो गाड्यावर बसायला तयार होईना, कप्प्याच्या कोपऱ्यात तोंड करून बसे. अंबादासांनी त्याला क्रमाने चार जणांजवळ ठेवून पाहिलं. दोघांना तो चावला, दोघांकडे त्याने पाहिलंच नाही.

महिन्याभराने संघमित्राची गाडी पुन्हा चढून आली. तिच्या मांडीवर पुठ्ठ्याचं खोकं होतं. आत अकोल्याच्या एका दुकानातून सोडवलेली, तीन पायांची, करड्या रंगाची मादी होती.

"दोन दिवस काही खाल्लेलं नाही हिने, मामा. सिरिंजसुद्धा तोंडात घेत नाही."

अंबादासांनी तिला वांग्याच्या कप्प्याच्या दुसऱ्या टोकाला ठेवलं आणि मध्ये कोथिंबिरीची एक लांब काडी टाकली. मग ते दोघं मागे सरून उभे राहिले. बराच वेळ काहीच झालं नाही. वांग्याने मान वळवली. पुढच्या दोन पायांवर अंग ओढत, गाड्याशिवायच, तो काडीपर्यंत आला आणि एका टोकाने कुरतडू लागला. करडीने नाक हलवलं. एक पाऊल टाकलं, अडखळली, सावरली. मग काडीचं दुसरं टोक तिने तोंडात धरलं.

"रत्ना!" अंबादासांनी मळ्याकडे तोंड करून जोरात हाक मारली. "हातातलं टाक आणि ये इकडे! हिला नाव पाहिजे!"